यंत्र बरं, पुस्तक कच्चं

कोथरूडमधल्या ओळखीच्या एका घरात, शोकेसच्या खालच्या खणात जुने चार्जर आणि औषधांच्या रिकाम्या डब्यांबरोबर ई-बुक वाचायचं एक यंत्र पडून आहे. काकांच्या पंचाहत्तरीला मुलाने आणलेलं. कव्हर अजून कोरं करकरीत. काका जन्मभराचे वाचक, ग्रंथालयाचे जुने सभासद, तेव्हा भेट चुकली असं कुणी म्हणणार नाही. तरी दोनेक महिन्यांत ते खणात गेलं. विचारलं तर म्हणाले, "अरे, अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात. मोठी करायला गेलं की अर्धी ओळ पडद्याबाहेर. मग ती बोटाने इकडून तिकडे ढकलत बसायची. त्यापेक्षा भिंग घेऊन पुस्तक वाचलेलं परवडलं." घरच्यांनी ठरवून टाकलं, या वयात नवं काही जमत नाही. हे मात्र खटकलं. हेच काका फोनवरून विजेचं बिल भरतात, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला कोड स्कॅन करून पैसे देतात. मुलाने हौसेने यंत्रात भरून दिलेली मराठी पुस्तकं उघडून पाहिली, तर सगळीच्या सगळी स्कॅन केलेली पीडीएफ.

इथे थोडं गणित करावं लागतं. सहा इंची पडदा म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सहा इंच. प्रत्यक्षात तो साधारण ९ सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर उंच असतो. आपली नेहमीची डेमी आकाराची कादंबरी साडेपाच बाय साडेआठ इंच, म्हणजे १४ बाय साडेएकवीस सेंटिमीटर. ते अख्खं पान या पडद्यात बसवायचं तर निम्म्याहून जरा जास्त एवढंच उरतं, आणि छापताना १२ पॉइंटात असलेलं अक्षर पावणेसातच्या आसपास येतं. रोमन अक्षर त्या मापात कसंबसं तग धरतं. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षरं, त्यामुळे पावणेसात पॉइंटात 'घ' आणि 'ध' ओळखायला डोळे ताणावे लागतात. पीडीएफमध्ये अक्षरांचा आकार बदलता येत नाही. वाढतो तो पानाचा फोटो, म्हणून ओळ पडद्याबाहेर जाते.

यावर इलाज आहेत, फक्त ते करून देणारं कुणीतरी घरात लागतं. पहिला इलाज समास कापण्याचा. ब्रिस नावाचं फुकट सॉफ्टवेअर संगणकावर सगळी पानं एकावर एक ठेवून दाखवतं, त्यावर चौकट आखली की चारी बाजूंचा कोरा कागद उडतो. उरलेला मजकूर साधारण साडेदहा बाय सतरा सेंटिमीटरचा. नुसत्या तेवढ्याने अक्षर साडेआठ पॉइंटांपर्यंत येतं. मग यंत्र आडवं धरायचं. आता मजकुराला १२ सेंटिमीटर रुंदी मिळते आणि अक्षर मूळ छपाईपेक्षाही मोठं, १४ पॉइंटांच्या घरात जातं. बदल्यात एक पान तीन टप्प्यांत वाचावं लागतं. के-टू-पीडीएफ-ऑप्ट नावाचं दुसरं एक सॉफ्टवेअर आणखी पुढे जातं. ते चित्रातले शब्द सुटे करून लहान पडद्याच्या रुंदीत नव्याने ओळी लावतं. जुन्या, दाट छापलेल्या पुस्तकांत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला चिकटलेला असला की तिथे त्याची गल्लत होते. मोकळ्या छपाईवर काम चांगलं होतं. यातलं काहीच करायचं नसेल तर १०.३ इंची पडद्याचं यंत्र घ्यावं, त्यात डेमी पान जवळजवळ मूळ मापात मावतं. किंमत ऐकून मात्र बरेच जण परत भिंगाकडे वळतात.

पडद्याबद्दल तक्रारीला जागा नाही. हा पडदा फोनसारखा डोळ्यांवर उजेड फेकत नाही. त्यात केसाच्या जाडीच्या सूक्ष्म कुप्या असतात, कुपीत स्वच्छ द्रव आणि त्यात काळे-पांढरे कण. दोघांवर विरुद्ध विद्युतभार. खालून विजेचा दाब दिला की एका रंगाचे कण वर येतात, दुसरे तळाला जातात, आणि वीज काढून घेतली तरी जागच्या जागी राहतात. म्हणून यंत्र झोपलं तरी पडद्यावरचं चित्र तसंच दिसतं, आणि ऊर्जा खर्च होते ती मुख्यतः पान उलटताना. सकाळी गॅलरीत थेट उन्हात बसलं तर अक्षर आणखी ठसठशीत दिसतं. फोन तिथे नुसता आरसा होतो. रात्री पुढच्या बाजूचे बारीक दिवे लावता येतात. ते पडद्याच्या कडेला असतात आणि त्यांचा उजेड पडद्यावर आडवा पसरतो. मुंबईच्या गाडीत कर्जत-लोणावळ्याच्या मधले बोगदे लागले आणि डब्यातले दिवे बंद असले, तरी वाक्य तुटत नाही. झोप उडते, असा आरोप या यंत्रावर नेहमी होतो. २०१५ साली गाजलेल्या ज्या संशोधनाचा हवाला दिला जातो त्यात बारा जणांना झोपण्याआधी चार तास आयपॅडवर, पूर्ण प्रखरतेत वाचायला लावलं होतं. ई-इंकचा, म्हणजे असा कुप्या-कणांचा पडदा, दिवा मंद करून, हे प्रकरण निराळं आहे.

बॅटरीच्या जाहिरातीकडे मात्र बारकाईने बघावं. 'दहा आठवडे' असं लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरांत रोज अर्धा तास वाचन, वायफाय बंद, दिवा मध्यम. म्हणजे झाले पस्तीस तास. निवृत्त माणूस रोज तीन तास वाचत असेल तर बारा दिवसांत चार्जिंगला लावायची वेळ येते. हेही वाईट नाहीच. पण दहा आठवड्यांच्या भरवशावर यंत्र विमान-मोडवर न टाकता खणात ठेवून दिलं की पुढच्या वेळी ते उघडतच नाही, आणि घरात 'बिघडलं' अशी बातमी पसरते. बंद पडलेल्या यंत्राला तासभर चार्जरवर नुसतं ठेवावं, मग बटण चाळीसेक सेकंद दाबून धरावं. बहुतेक वेळा ते उठून बसतं.

आता खऱ्या दुखण्याकडे.

ॲमेझॉनने किंडल या आपल्या ई-बुक यंत्रावर मराठी पुस्तकं आणली ती डिसेंबर २०१६ मध्ये, हिंदी, गुजराती, तमिळ आणि मल्याळमच्या जोडीने. त्याच्या कितीतरी आधीपासून मराठी पुस्तकं संगणकावर जुळवली जात होती आणि त्या जुळणीचं बरंचसं श्रेय पुण्याला जातं. मराठी फाँटांच्या सॉफ्टवेअरपैकी श्रीलिपी इथल्या मॉड्युलर इन्फोटेकची, आयएसएम इथल्या सी-डॅकचं. नारायण-सदाशिव पेठेतल्या डीटीपीवाल्यांनी पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये या फाँटांवर हजारो पुस्तकं लावली. छापायला उत्तम. पण या जुन्या फाँटांत मराठी अक्षर संगणकाच्या दृष्टीने मराठी नसतंच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. कागदावर 'पुस्तक' छापलं जातं, फाइलीत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी साठवलेली असते. अशा पीडीएफमधलं वाक्य कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं की ती बाहेर पडते. ई-बुक करायचं म्हणजे हे सगळं आधी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, आणावं लागतं, आणि इथेच पुस्तकं कच्ची राहतात.

कशी, ते पाहा. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी डोळ्याला दिसते तशी, म्हणजे व्यंजनाच्या आधी टंकलेली असते. युनिकोडमध्ये ती व्यंजनाच्या नंतर साठवायची असते. रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरने वेलांटी उचलून एकच अक्षर पुढे टाकली, जोडाक्षर आहे हे त्याला कळलं नाही, की 'स्थिती'ची 'सि्थती' होते. रफाराचं उलटं. तो फाइलीत अक्षरानंतर असतो, त्याला आधी न्यावं लागतं. एक अक्षर चुकलं की रफार शेजाऱ्याच्या डोक्यावर. तिसरी भानगड खास मराठीची, डोंगराच्या दऱ्यांमधल्या त्या आडव्या अर्ध्या र-ची. तो दोन तऱ्हांनी साठवतात. एक, नुक्त्याच्या, म्हणजे खाली टिंब असलेल्या ऱ-ला हलन्त (पाय मोडल्याची खूण) लावून. दुसरी, साध्या र-ला हलन्त लावून आणि त्यापुढे डोळ्याला न दिसणारं एक जोडचिन्ह ठेवून. फाइल 'साफ' करताना ते अदृश्य चिन्ह उडालं की दऱ्यांचा दर्या होतो, म्हणजे घाटातला माणूस थेट समुद्रात. आणि एकाच पुस्तकात दोन्ही तऱ्हा असतील तर शोध घेताना यंत्र निम्मे उल्लेख दाखवतच नाही. 'ॲ'चंही तेच. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं २००८ मध्ये. त्याआधीचे लोक 'अ' वर चंद्र देत. डोळ्याला सारखंच. यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरं, आणि जुन्या युनिकोड फाँटात या स्वतंत्र 'ॲ'च्या जागी नुसता चौकोन.

मुद्रितशोधक ही जमात पुण्यात अजून आहे आणि छापील पुस्तकाला ती लागते हे प्रकाशक मान्य करतात. रूपांतर झाल्यावर ई-पुस्तकाचं मुद्रितशोधन पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं, हे पटवून घ्यायला फारसं कुणी तयार नाही. छापील प्रत शुद्ध होती, मग ही शुद्धच असणार, असा हिशेब. तो चुकीचा आहे, कारण या चुका लेखकाच्या नाहीत, जुळणाऱ्याच्याही नाहीत. त्या रूपांतरातच जन्मतात. आजच्या पुस्तकांना ही अडचण यायचं कारण नाही. इनडिझाइन या पानं लावायच्या आजच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा कंपोझर (ओळी जुळवणारा पर्याय) निवडून युनिकोड फाँटात मजकूर लावला, परिच्छेदांना आणि प्रकरणांच्या शीर्षकांना नीट शैली दिल्या, तर त्याच फाइलीतून छपाईची पीडीएफही निघते आणि ई-पब, म्हणजे अक्षर लहानमोठं करता येणारी ई-पुस्तकाची फाइलही. तरी अनेक ठिकाणी जुन्या फाँटांची सवय सुटत नाही.

घरच्या घरी करण्याजोगं बरंच आहे. कॅलिबर हे ई-पुस्तकं बनवायचं फुकट सॉफ्टवेअर संगणकावर टाकावं. ते मूळच्या मुंबईच्या कोविद गोयल यांनी २००६ पासून घडवत आणलं आहे. त्यात युनिकोड मराठी मजकूर घातला की पहिलं काम म्हणजे माहितीच्या खिडकीत भाषा 'मराठी' निवडायची. ही पायरी लोक गाळतात. भाषा लिहिलेली नसेल तर पुष्कळ फाँट हिंदी वळणाचे ल आणि श दाखवतात आणि काय बिनसलंय ते कळत नाही, पण पान परकं वाटत राहतं. फाँट पुस्तकातच जडवून टाकावा. 'मुक्त' नावाचा फाँट किंवा मराठीसाठीच काढलेला 'तिरो देवनागरी' चांगले चालतात. किंडलमध्ये यूएसबी केबलने 'फाँट्स' नावाच्या फोल्डरातही आपला फाँट टाकता येतो. मजकूर दोन्ही बाजूंनी सरळ न लावता डावीकडे लावावा. मराठी शब्द विभक्तीप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं लागून लांबलचक होतात, यंत्र ते ओळीच्या शेवटी तोडू शकत नाही, आणि दोन्ही कडा सरळ ठेवायच्या हट्टापायी मध्ये खिंडारं पडतात. तयार ई-पब किंडलच्या ई-मेल पत्त्यावर पाठवावी. पाठवणाऱ्याचा पत्ता आधी खात्यातल्या मान्य यादीत घातलेला पाहिजे, नाहीतर पुस्तक कुठेच पोचत नाही. परदेशातला मुलगा 'पाठवलं' म्हणतो, इथले बाबा 'आलं नाही' म्हणतात, आणि दोघेही खरं बोलत असतात. स्कॅनचा मजकूर करायचा असेल तर ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करून गूगल ड्राइव्हमध्ये डॉक्युमेंट म्हणून उघडलं की बऱ्यापैकी मराठी मिळतं. भ-म, घ-ध, ष-प या जोड्या आणि अनुस्वार मात्र डोळ्यांत तेल घालून तपासावे लागतात.

शब्दकोशाची सोय इंग्रजी वाचकाला चैन वाटावी अशी आहे. शब्दावर बोट ठेवलं की अर्थ हजर. मराठीत हे सुख जवळजवळ नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे, दाते-कर्व्यांचा शब्दकोश आहे, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. पण यंत्राच्या कोशात नुसती नोंद असून भागत नाही. पुस्तकात असतं 'घराण्यातल्यांनी', कोशात 'घराणे'. मधली सामान्यरूपं आणि प्रत्यय सोडवून मूळ शब्दापर्यंत पोचायची यादी कुणीतरी करून द्यायला हवी.

काही पुस्तकं या पडद्यावर वाचूच नयेत. ओवी, अभंग, कविता यांची ओळ अक्षर मोठं करताच दुमडते आणि साडेतीन चरणांचे पाच होतात. यंत्र आडवं धरून अक्षर एक पायरी खाली आणलं की थोडं सावरतं. नकाशे आणि छायाचित्रं करड्या रंगाच्या सोळा छटांत गुदमरतात, त्यामुळे दिवाळी अंक बादच. तळटीपा मात्र इथे कागदापेक्षा बऱ्या, अंकाला बोट लावलं की टीप तिथेच उघडते. जाडजूड चरित्र पोटावर ठेवून वाचणाऱ्यांना आणि ज्यांचे अंगठे संधिवाताने धरलेत त्यांना दोनशे ग्रॅम वजन हेच एक कारण पुरे.

सदाशिव पेठेत आणि नवी पेठेत अभ्यासिकांमध्ये बसलेल्या मुलांच्या टेबलावर हे यंत्र क्वचितच दिसतं, आणि ते बरोबर आहे. स्पर्धा परीक्षेचं वाचन सरळ रेषेत होत नाही. तक्ता एका पानावर, त्याचं स्पष्टीकरण चाळीस पानं मागे, कडेला पेन्सिलीने लिहिलेलं वर्ष. बोटं घालून तीन पानं एकदम धरून ठेवणं या पडद्यावर होत नाही, भराभर चाळणं तर नाहीच. २०१८ मध्ये स्पेन आणि इस्राएलच्या संशोधकांनी आधीचे ५४ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो असं निघालं, आणि वेळेचं बंधन असलं की फरक आणखी वाढतो. नुसत्या कथात्म मजकुरात मात्र असा फरक दिसला नाही. कादंबरी यंत्रावर आणि अभ्यास कागदावर, ही विभागणी अभ्यासिकेतल्या मुलांनी कोणताही शोधनिबंध न वाचता केलेली आहे.

मालकीचं काय, हा प्रश्न अप्पा बळवंत चौकात उभं राहिलं की जास्त टोचतो. तिथे वापरलेलं पुस्तक विकता येतं, घेता येतं, आणि मधल्या मालकाच्या खुणा फुकट मिळतात. ई-पुस्तक विकता येत नाही, आपल्याकडे शेजाऱ्याला वाचायलाही देता येत नाही, कारण आपण विकत घेतो तो फक्त वाचायचा परवाना. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपलं पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा लोकांची पुस्तकं नाहीशी झाली. पैसे परत मिळाले, कडेला केलेल्या नोंदी गेल्या. किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून केबलने यंत्रात भरायची सोयही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. सरकारी हिशेबातसुद्धा दोघांत भेद आहे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ई-पुस्तकावर तो १८ टक्के होता, २०१८ मध्ये ५ टक्क्यांवर आणला, तोही ज्याची छापील आवृत्ती आहे अशाच पुस्तकांसाठी. उलट महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात, ई साहित्य प्रतिष्ठानचीही. त्यांना कुलूप नसतं. असतात मात्र बहुतेक पीडीएफ, म्हणजे परत समास कापणं आलंच.

पावसाळ्यात दोन्ही पक्षांची परीक्षा होते. कागदाला बुरशी, कसर आणि तळमजल्यावर वाळवी. यंत्राला ओल फारशी बाधत नाही, पण पडद्यावर पाण्याचे थेंब पडले की ते बोट समजून पानं आपोआप उलटतात. त्याचा खरा शत्रू म्हणजे दाब. पडद्याच्या आत पातळ काच असते. पीएमपी बसच्या गर्दीत पिशवीत डब्याची कड त्यावर रुतली की वरून ओरखडाही दिसत नाही, आणि उघडल्यावर अर्ध्या पडद्यावर जुनं चित्र कायमचं थिजलेलं असतं. पडदा बदलायचा खर्च नव्या यंत्राच्या आसपास जातो, तेव्हा पुढून कडक असलेलं कव्हर पहिल्याच दिवशी घ्यावं.

आणि मराठी ई-पुस्तक विकत घेण्याआधी नमुना उतरवून घ्यावा, तो फुकट असतो. अर्पणपत्रिका, प्रस्तावना ओलांडून सरळ मजकुरात जावं. 'स्थिती', 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' असे शब्द कुठे येतात ते पाहावं, अक्षराचा आकार दोन पायऱ्यांनी वाढवून बघावा, अनुक्रमणिकेतल्या एखाद्या प्रकरणावर बोट ठेवून ते उघडतं का ते तपासावं. अक्षर वाढलंच नाही, तर ती पानांची नुसती छायाचित्रं आहेत. घेतल्यानंतर चूक सापडली तर शब्द निवडून मजकुरातली चूक कळवायची सोय किंडलमध्ये आहे, आणि सात दिवसांच्या आत पुस्तक परतही करता येतं. परत करताना कारण विचारतात, तिथे ते जरूर लिहावं.